फाल्गुनातला एक रविवार, बागेतला

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या आवारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला विषय दिला ‘घरची फुलबाग’ आणि वेळ दिली वीस मिनिटं. सेक्रेटरींनी हळूच बजावलं, “काकू, खतांची यादी वाचू नका, लोक उठून जातील.” म्हणून ठरवलं, की यादीऐवजी एक दिवस सांगायचा. फाल्गुनातला एक रविवार, सकाळी ६ ते संध्याकाळी ७. त्या दिवशी बागेत काय करायचं, का करायचं, आणि त्यातलं किती आपल्या एकट्याचं असतं नि किती सगळ्या सोसायटीचं असतं, एवढंच बोलणार आहे. शेवटी आपल्या मागच्या पट्टीबद्दलही बोलणार आहे. तो विषय येत्या वार्षिक सभेपुढे आहे. आज तो टाळला, तर तुम्हीच म्हणाल की काकूंनी सोयीचं तेवढं सांगितलं.

आधी आपल्या गावाविषयी दोन शब्द. मोगलांच्या काळात नाशिकचं नाव होतं गुलशनाबाद, म्हणजे फुलाबागांचं शहर. आजही दिंडोरी तालुक्यातल्या जानोरी-मोहाडीकडे गेलात, की पॉलीहाऊसमधले गुलाब ट्रकनं बाहेरगावी जाताना दिसतात. आणि याच गावात विष्णु वामन शिरवाडकर राहिले. त्यांनी टोपणनाव घेतलं ते धाकट्या बहिणीवरून. कुसुमचा थोरला भाऊ म्हणून कुसुमाग्रज. कुसुम म्हणजे फूल. म्हणजे गावाच्या नावातही फूल आणि गावच्या कवीच्या नावातही फूल. मग आपल्या बाल्कनीत नुसतं वॉशिंग मशीन आणि मोडकी सायकल असावी, हे काही बरोबर नाही!

आता ऋतूचं बघा. वसंत पंचमी येते माघात, पंचांगातला वसंत सुरू होतो चैत्रात, आणि झाडांचा वसंत येतो या दोन्हींच्या मधे, फाल्गुनात. आपल्या नाशिकला तो नीट कळतो. आपण समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहोत. सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी टोपी. रात्रीचा गारवा अजून गेलेला नसतो आणि दिवसाचं ऊन वाढू लागलेलं असतं. झाडाला नवी फूट काढायला हाच काळ आवडतो. पुढे एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे सरकतो, तेव्हा झाडाला फक्त तगायचं असतं. म्हणून वर्षभरात बागेसाठी एकच दिवस पूर्ण काढता येत असेल, तर तो फाल्गुनातला काढा.

तर मंडळी, सकाळचे ६ वाजले आहेत. चहा हातात घ्या आणि पहिली पंधरा मिनिटं काहीही करू नका. फक्त बघा. प्रत्येक कुंडीपुढे थांबा. पानं उलटी करून बघा, कारण कीड नेहमी पानाच्या खालच्या बाजूला राहते. कुंडीत बोट दोन पेरं खोल घाला. माती ओली लागली तर आज पाणी नको, कोरडी लागली तर हवं. कुंडीतली झाडं उन्हानं मरतात त्याहून जास्त आपल्या मायेनं मरतात. रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतायची आपल्याला सवय, तुळशीला घालतो तसं. पण चोवीस तास ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. पानं पिवळी पडतात, आपल्याला वाटतं तहान लागली, आपण आणखी पाणी घालतो. असं ते चक्र चालतं.

याच वेळी दुसरं काम. कुंड्यांखालच्या ताटल्या ओतून टाकायच्या आणि घासून कोरड्या करायच्या. हे काम सौंदर्याचं नाही, तब्येतीचं आहे. डेंग्यूचा डास गटारात नाही, स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळ्या ताटल्या कोरड्या झाल्या, की ते चक्र तुटतं. एका घरानं केलं आणि शेजारच्यानं केलं नाही, तर उपयोग नाही. डास विंग बघून चावत नाही.

सात वाजता कात्री हातात घ्यायची. द्राक्षवाले तिला सिकेटर म्हणतात, धारेची हवी आणि स्वच्छ हवी. एका रोगट झाडावरून दुसऱ्यावर जाताना ती डेटॉलच्या किंवा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून घ्यायची.

पहिला मान मोगऱ्याचा. मोगऱ्याचं गुपित एवढंच, की त्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. जुन्या लांबलेल्या फांद्या आपण जपून ठेवतो, झाड हिरवंगार दिसतं, आणि मग तक्रार येते की आमचा मोगरा फुलतच नाही. तर करायचं असं. आठवडाभर पाणी कमी करायचं. मग सगळ्या फांद्या वरून तिसरा हिस्सा तरी कापायच्या, वाळक्या नि बारीक काड्या बुडापासून काढायच्या, उरलेली जुनी पानंही खुडायची. वरची दोन बोटं माती खुरप्यानं मोकळी करायची, दोन-तीन मुठी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालायची, आणि मग भरपूर पाणी द्यायचं. कुंडी अशा जागी ठेवायची, की पाच-सहा तास थेट ऊन मिळेल. मोगरा सावलीत पानं देतो, फुलं देत नाही. साधारण पाच-सहा आठवड्यांत कळ्या दिसू लागतात. माझी खूण सांगते. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्याच्या आसपास मोगऱ्याची छाटणी झाली, की चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओंजळभर फुलं घरची मिळतात. आंब्याची डाळ, पन्हं आणि घरचा मोगरा, याच्यापुढे काय हवं?

मग गुलाब. इथे थांबा. मोगऱ्यासारखी मोठी छाटणी गुलाबाला आता करायची नाही. आपण द्राक्षाच्या जिल्ह्यातली माणसं, ऑक्टोबर छाटणी हा शब्द आपल्याला नवा नाही. गुलाबाचीही मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरातच. फाल्गुनात फक्त साफसफाई. सुकलेलं फूल कापताना नुसतं फूल खुडू नका. फुलापासून खाली येत या, पाच पर्णिकांचं पहिलं सशक्त पान लागलं की त्याच्या वर पाव इंचावर तिरका काप द्या, आणि डोळा बाहेरच्या बाजूला असेल असा निवडा. म्हणजे नवी फांदी बाहेर वाढते, झाडाच्या पोटात हवा खेळते. हवा खेळली, की भुरी कमी येते. द्राक्षवाल्यांना भुरी सांगायला नको, गुलाबावरही तिचंच भावंडं येतं, पानावर पीठ सांडल्यासारखं.

आणखी एक बघा. नर्सरीतला गुलाब कलमी असतो. खाली जंगली गुलाबाचं खोड, वर आपल्याला हव्या त्या जातीचा डोळा. कलमाच्या गाठीखालून जोमदार फूट आली तर खूश होऊ नका. ती जंगली फूट. ती सगळं अन्न खाते आणि वर्षभरात मूळचं कलम दबून जातं. ती मुळाशी जाऊन काढायची. गुलाबाविषयी बोलताना डॉ. बी. पी. पाल यांचं नाव घ्यायलाच हवं. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक, गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ. गव्हावरच्या तांबेऱ्याला तोंड देतील अशी वाणं तयार करण्यासाठी आयुष्य वेचलं, आणि उरलेल्या वेळात गुलाबाच्या नव्या जाती तयार केल्या. एका जातीला त्यांनी डॉ. होमी भाभा यांचं नाव दिलं. देशाला पोळी पुरवणाऱ्या माणसालाही फूल लागतं, एवढंच मला त्यातून सांगायचंय.

साडेआठला जास्वंद. फाल्गुनात ऊन वाढलं की जास्वंदीच्या शेंड्याला पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो. तो पिठ्या ढेकूण, मिलीबग. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर समजायचं की पाहुणे आलेत, कारण या किडीतून गोड चिकटा पाझरतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात किडीची राखण करतात. आधी जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं धुवायचं, जास्त झालेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकायचे. मग एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चार थेंब भांड्यांचा लिक्विड साबण, चांगलं घुसळून संध्याकाळी फवारायचं. उन्हात फवारलं तर पानं करपतात. आठ दिवसांनी पुन्हा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला छोटा ढालकिडा दिसला तर त्याला मारू नका. तो मावा आणि मिलीबग खातो, आपला बिनपगारी माळी आहे तो.

साडेनऊला उन्हं चढतात. आता मातीचं काम सावलीत बसून. आपल्या भागातली काळी माती शेताला सोन्यासारखी, कुंडीला मात्र नुसती वापरू नका. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडते. मधे मुळं तुटतात, आणि पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट आणि जाड वाळू मिळून, हे मिश्रण मला बरं वाटतं. तळाला भोकावर फुटक्या कौलाचा तुकडा पालथा ठेवायचा. दोन वर्षं एकाच कुंडीत असलेली झाडं काढून, बाहेरची गोल गोल फिरलेली मुळं थोडी कापून, नव्या मिश्रणात लावायची.

कंपोस्टचं थोडं सांगते, कारण बऱ्याच घरांतून एकच प्रश्न येतो, वास येतो का हो? वास येतो तो ओलं जास्त आणि सुकं कमी झालं की. भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा हे ओलं. वाळकी पानं, फाडलेला पुठ्ठा, कोकोपीट हे सुकं. ओल्याचा एक थर टाकला, की त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्त सुक्याचा थर. मिश्रण हातात दाबलं तर पाणी गळता कामा नये, नुसता हात ओलसर व्हावा. दोन-तीन महिन्यांत काळं, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास असलेलं खत मिळतं. आपल्या आवारात शिशिरात एवढी पानं पडतात, की सुक्याला तोटा नाही. घनकचरा नियमांत ओला-सुका कचरा वेगळा करणं प्रत्येक घराला सांगितलंय. घंटागाडीत दोन पिशव्या वेगळ्या देणं हा नियम झाला, पण ओली पिशवी घराबाहेरच जाऊ न देणं ही बाग झाली. आणि पानं जाळू नका. धूर सगळ्यात आधी तिसऱ्या मजल्यावरच्या दमेकरी आजोबांकडे जातो.

दुपारी १२ ते ४ बागेला हात लावायचा नाही. जेवा, झोपा. नाहीतर पुस्तक वाचा. झाडंही त्या वेळी पानं मिटून, गप्प बसतात. दुपारी पान मलूल दिसलं म्हणून लगेच पाणी ओतू नका. सूर्य कलल्यावर ते आपोआप उभं राहिलं, तर तहान नव्हती, नुसती विश्रांती होती.

या विश्रांतीत एक गोष्ट मुलांसाठी. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू कुठला? मेक्सिकोचा. डेलिया? तोही मेक्सिकोचा. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. देवळासमोरचा पांढरा चाफाही अमेरिका खंडातून आलेला. सदाफुली मादागास्करची, आणि तिच्यापासून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही कॅन्सरवरची औषधं मिळाली. गुलमोहरही मादागास्करचाच. ही सगळी मंडळी बाहेरून आली, इथल्या मातीत रुजली, आणि आता त्यांच्याशिवाय आपला सण होत नाही. आपल्या सोसायटीचं तरी वेगळं काय आहे? कुणी नोटप्रेसमध्ये लागलं म्हणून नाशिकला आलं, कुणी ओझरला एचएएलमध्ये, कुणी सातपूर-अंबडच्या कंपनीत. कुणी खानदेशातून, कुणी कोकणातून, कुणी विदर्भातून. पंचवीस वर्षांपूर्वी एकमेकांना नावानं न ओळखणारी माणसं आपण. आज डाळ-बट्टीचा आणि सांडग्यांचा वास एकाच जिन्यात येतो.

चार वाजता बिया. हिवाळ्यातले पेटुनिया, पॅन्सी आता संपत आले, त्यांचा हट्ट सोडा. त्या जागी उन्हाळ्याला दाद देणारी झाडं लावा. झेंडू, सदाफुली, पोर्टुलाका म्हणजे आपली ऑफिस टाइम, गोकर्ण, अबोली. गोकर्णाच्या बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवून लावल्या की लवकर उगवतात. झेंडूची वाळलेली फुलं चुरगाळली, की काळ्या काड्यांसारखं बी मिळतं, पैसे पडत नाहीत. शेवंतीचं फूल संपलं असेल तर झाड फेकू नका. वरून छाटा, सावलीत ठेवा, बुडाशी आलेल्या छोट्या फुटी वेगळ्या लावता येतात.

साडेपाचला पाणी. इथे जरा हिशेब करूया, कारण आपल्याकडे दर उन्हाळ्यात टँकर येतो आणि दर उन्हाळ्यात जिन्यात एक वाक्य ऐकू येतं, “बागवाल्यांमुळे पाणी संपतं.” बारा इंची कुंडीला या दिवसांत दीड ते दोन लिटर पाणी पुरतं. वीस कुंड्यांना झालं तीस-चाळीस लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन ते तीन बादल्या. हेच पाणी नळी लावून दिलं तर? आमच्या मजल्यावर पंधरा लिटरची बादली नळीखाली सव्वा मिनिटात भरते, म्हणजे मिनिटाला बारा लिटर. वीस मिनिटं नळी चालू राहिली तर २४० लिटर. तेव्हा वाक्य असं हवं, की नळीमुळे पाणी संपतं. झारी घ्या. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी वापरा. एसीचं पाणी चालतं. आरओचं टाकाऊ पाणी मात्र रोज नको, त्यात क्षार एकवटलेले असतात, ते लादी पुसायला वापरा. मातीवर वाळक्या पानांचा दोन इंच थर आच्छादन म्हणून घातला, की पाणी एक दिवसाआड दिलं तरी बऱ्याच झाडांना चालतं. गंगापूर धरण १९६५ साली झालं, तेव्हाचं नाशिक केवढं आणि आताचं केवढं! प्रत्येक बादलीवर आता जास्त माणसांचा हक्क आहे.

पाण्याबरोबर वजनाचाही हिशेब सांगते. ओल्या मातीनं भरलेली बारा इंची कुंडी वीस ते पंचवीस किलोची होते. वीस कुंड्या म्हणजे चारशे-पाचशे किलो, सहा-सात मोठी माणसं बाल्कनीच्या कठड्याशी कायमची उभी. म्हणून जड कुंड्या कठड्यावर किंवा टोकाला नकोत, आत भिंतीलगत हव्यात. कठड्याच्या बाहेर लोंबकळणारी कुंडी तर मुळीच नको, खाली मुलं खेळतात. गच्ची सगळ्यांची आहे, तिथे कुंडी ठेवायची तर कमिटीला विचारून, आणि विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर, म्हणजे खाली पाणी साचत नाही आणि वॉटरप्रूफिंग दिसत राहतं. भेगेत उगवलेला पिंपळ दिसला की तो रोपटं असतानाच मुळासकट काढा. वरच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल येते तेव्हा त्रास त्यांना होतो, दोष बागेला लागतो. दोन्ही टाळता येतं.

आणि हो, फुलं तोडण्याबद्दल. पहाटे प्लॅस्टिकची पिशवी घेऊन फिरणारे भाविक आपल्याला सगळ्यांना माहीत आहेत! देवाला दुसऱ्याच्या झाडाची फुलं चालतात का, यावर मी बोलणार नाही, तो देवाचा नि त्यांचा प्रश्न. पण एक सुचवते. खालच्या सामाईक झाडांची फुलं सकाळी एकानंच तोडावीत, परडी वॉचमनच्या टेबलावर ठेवावी, ज्याला हवी त्यानं चार घ्यावीत. निम्मी फुलं झाडावर राहू द्यावीत. ज्यांच्या घरी पूजा नाही, त्यांनाही येता-जाता फूल दिसायला हवं.

संध्याकाळचे ७ वाजले. हात धुऊन झाले. आता मागच्या पट्टीकडे येते.

सी विंगच्या मागे कंपाउंडलगत आपली आठ फूट रुंद आणि साधारण नव्वद फूट लांब मातीची पट्टी आहे. तिथे सोसायटीच्या पहिल्या वर्षी लावलेला सोनचाफा आहे. तो बियांपासून वाढवलेला, आज तिसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचलाय. दोन तगरी आहेत, प्राजक्त आहे, अनंत आहे. प्रस्ताव असा आहे, की तिथे पेव्हर ब्लॉक घालून पार्किंग करावं.

पार्किंगची अडचण खोटी नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याकडे स्कूटरी जास्त आणि गाड्या मोजक्या होत्या. आज एका घरात दोन गाड्या आहेत. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना रात्री डॉक्टरकडे न्यायला गाडी जिन्याजवळ लागते. हे मी रोज बघते. पण सभेत हात वर करण्याआधी तीन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली. नव्वद फुटांत, आठ फूट रुंदीत, गाड्या एकामागे एकच उभ्या राहणार. एका गाडीला अठरा फूट धरले, तर पाच गाड्या. पट्टी गेली तरी प्रश्न पाच गाड्यांएवढाच सुटणार, आणि सहाव्या गाडीचा वाद तसाच राहणार.

दुसरी. ७२० चौरस फूट म्हणजे सुमारे ६७ चौरस मीटर. नाशिकला वर्षाला सातशे मिलिमीटर पाऊस धरला, तर त्या पट्टीवर दर पावसाळ्यात जवळजवळ ४७ हजार लिटर पाणी पडतं. सगळं मुरत नाही, पण बरंचसं मुरतं, आणि आपला बोअर तिथून वीस पावलांवर आहे. ब्लॉक घातले की ते पाणी गटाराकडे जाणार. पावसाळ्यात गटारात सोडलेलं पाणी मे महिन्यात टँकरनं विकत घ्यायचं, हा व्यवहार निदान डोळे उघडे ठेवून करावा.

तिसरी गोष्ट कायद्याची. झाड आपल्या आवारात असलं तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि मोकळी जागा कशासाठी दाखवली आहे, ते मंजूर नकाशात लिहिलेलं असतं. तो नकाशा सभेआधी सूचनाफलकावर लावावा, अशी कमिटीला जाहीर विनंती करते.

नुसता विरोध करून भागत नाही, म्हणून पर्यायही मांडते. समोरच्या बाजूला दुचाकी आडव्या-तिडव्या लागतात. पट्टे आखून, ओळीत लावल्या तर तिथेच जागा निघेल. जिन्याजवळची एक जागा आजारी माणसांच्या घरासाठी राखून ठेवावी, आणि ती कुणाच्या नावावर नसावी, गरजेवर असावी. मागच्या पट्टीची राखण आम्ही बागवाली सात-आठ घरं करू. पाणी झारीनं आणि ठिबकनं देऊ, पानांचं खत तिथेच करू, सोसायटीवर एक रुपयाचा बोजा टाकणार नाही. वर्षभरानं पट्टी उकिरड्यासारखी दिसली, तर मी स्वतः ब्लॉकच्या बाजूनं हात वर करीन. हे बोलणं इतिवृत्तात लिहून घेतलं तरी चालेल.

ज्या घरांनी तो सोनचाफा लावला, त्यातली काही माणसं आज आपल्यात नाहीत. बीपासून वाढवलेला चाफा फुलायला कित्येक वर्षं घेतो. लावणाऱ्यांना ते माहीत होतं, तरी त्यांनी लावला. सुवर्णमहोत्सवाला अजून पंचवीस वर्षं आहेत. आज सतरंजीवर बसलेली मुलं तेव्हा कमिटीत असतील, आणि पार्किंगचा प्रश्न तेव्हाही असेल, मला खात्री आहे! पण त्यांना आपल्याकडून एखादं मोठं झाड मिळालं की नाही, ते आपण येत्या सभेत ठरवणार आहोत.

बाहेर टेबलावर झेंडूच्या बियांच्या पुड्या ठेवल्या आहेत, प्रत्येक घराला एक. पुडीवर पेरायची रीत लिहिली आहे. मोगऱ्याच्या फांद्या ज्यांना हव्यात त्यांनी नाव लिहून ठेवावं, त्या पावसाळ्यात लावायच्या, तेव्हा देईन. वीस मिनिटांच्या वर गेले, सेक्रेटरी केव्हापासून घड्याळ दाखवतायत.